याहून वाईट खाल्लंय

सगळ्या गावाने मिळून आपल्या दुकानाचा गळा आवळला आहे, याबद्दल सोमवारी सकाळी ग्लेनिस लिंडनरच्या मनात काही शंका उरली नाही. तिने पेस्ट्यांची पहिली भट्टी उतरवली, पिठाचे हात ॲप्रनला पुसले, चष्मा नाकावर चढवला आणि फोनवर दुकानाचे पान उघडले. शुक्रवारी तिथे दुकानाच्या नावापुढे साडेचार स्टार होते. आता तीन होते.

"डेस," तिने आत हाक मारली.

"हं." तिचा नवरा मागच्या खोलीत मैद्याची पोती रचत होता.

"आपल्याला बुडवलंय."

"कुणी?"

"गावानं."

डेस बाहेर आला. फोन हातभर लांब धरून त्याने तो बराच वेळ न्याहाळला. "तीन," तो म्हणाला. "वाईट नाही."

ग्लेनिसने त्याच्याकडे असे पाहिले, की उरलेली पोती आत्ताच रचायला हवीत हे त्याच्या लक्षात आले.

या सगळ्याचे मूळ रस्त्यात होते. ॲडलेडहून उत्तरेला जाणारा हायवे पूर्वी कुरिंगाच्या पोटातून जायचा, आणि भुकेल्या माणसाला लिंडनर बेकरीचा वास ओलांडून पुढे जाणे कठीण असायचे. ग्लेनिसची पेस्टी म्हणजे खिमा, बटाटा, कांदा आणि सलगम भरलेली, कडेला मुरड घातलेली जणू करंजीच, फक्त एकीत माणसाचे जेवण व्हावे एवढी. ट्रकवाले ती एका हातात धरून दुसऱ्या हाताने गाडी चालवत. मग सरकारने हायवे उचलून गव्हाच्या कोठारांपलीकडे नेला आणि तिथे एक पाटी लावली : कुरिंगा, डावीकडे. डावीकडे कुणी वळेना. आधी बँक गेली, मग चपलांचे दुकान गेले, मग मुख्य रस्त्यावर दुपारच्या वेळी गुलाबी काकाकुव्यांचे थवे चालत फिरू लागले, कारण त्यांना उठवणारे वाहनच नव्हते.

ग्लेनिसची मुलगी दर रविवारी ॲडलेडहून फोन करायची आणि शेवटी न चुकता म्हणायची, "आई, माझ्याकडची मागची खोली रिकामीच आहे." कुरिंगात साप निघत. ग्लेनिस त्यांना फावड्याने वाट दाखवायची. पण त्या मागच्या खोलीचे नाव काढले की ती भट्टीचे निमित्त सांगून फोन ठेवायची.

अशात एका बसकंपनीचा फोन आला. पेन्शनरांना घेऊन दर आठवड्याला डोंगरांकडे जाणारी सहल सुरू व्हायची होती आणि वाटेत जेवायला थांबण्यासाठी जागा हवी होती. एक कुरिंगा, नाहीतर त्याच्या पुढचे गाव, टॅनर्स ब्रिज. तिथे मेलबर्नहून आलेल्या एका जोडप्याने नवी बेकरी काढली होती. ते पेस्टीत भोपळा आणि बकरीच्या दुधाचे चीज घालत. वर कसलीतरी फुलेही टाकत.

"आम्ही ऑनलाइन अभिप्राय बघून महिनाअखेरीस ठरवू," कंपनीची ट्रूडी नावाची बाई म्हणाली होती. "आमचा तसा नियमच आहे."

त्याच सुमारास नगरपालिकेने छोट्या दुकानदारांसाठी फुकट शिबिर ठेवले. शहरातून ब्रेंट नावाचा, मोजे न घालणारा एक तरुण आला आणि सभागृहात म्हणाला, "तुमचं खरं भांडवल म्हणजे तुमच्यावर प्रेम करणारी माणसं. त्यांच्याकडे मागा. लाजू नका." ग्लेनिसला ते पटले. तोवर दुकानाच्या पानावर वाटसरूंनी लिहिलेले चार-दोनच अभिप्राय होते, आणि प्रेम करणारी माणसे तर रोज दारात उभी असत. तिने काउंटरवर खडूने पाटी लिहिली : आमच्याबद्दल ऑनलाइन लिहा. खाली आपल्या पदरचे एक वाक्य घातले : जे वाटतं तेच लिहा.

त्या पदरच्या वाक्यासाठी पुढे तिने स्वतःला बरेच बोल लावले.

कारण गावाने लिहिले. शनिवार-रविवारात झाडून सगळ्यांनी लिहिले. ग्लेनिस आता एकेक वाचू लागली.

"तीन स्टार. याहून वाईट खाल्लंय." हा क्लॅरी ऑजर्स. बायको गेल्यापासून तो रोज दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर जेवत होता.

"तीन स्टार. पेस्टी गरम होती." ही पोस्टातली मार्ज.

"तीन स्टार. तक्रारीला जागा नाही. शोधली." हे पाद्री हॉफ.

"तीन स्टार. पोट भरलं." हा फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी, ज्याच्या लग्नाचा केक ग्लेनिसने स्वतःच्या तापात उभे राहून केला होता.

आणि सगळ्यांत खाली : "तीन स्टार. चाललंय. – डी. लिंडनर."

"डेस," ग्लेनिस फार हळू आवाजात म्हणाली. "हा डी. लिंडनर कोण?"

मागच्या खोलीत पोती रचण्याचा आवाज थांबला. "दोन देणार होतो," आतून उत्तर आले. "घरचंच दुकान आहे, लोकांना बढाई वाटायला नको. पण मग म्हटलं, जाऊ दे, काय व्हायचं ते होवो."

इथे कुरिंगाविषयी थोडे सांगायला हवे. या गावात कौतुक मिठासारखे वापरतात. चिमटीने, आणि तेही हात आखडून. मोठा दुष्काळ संपला तेव्हा रात्रभर पाऊस पडून धरण भरून वाहिले होते. सकाळी ते बघून क्लॅरी म्हणाला होता, "धूळ बसली." मार्जच्या भावाला साप चावला आणि विमानातून इस्पितळात न्यावे लागले, तेव्हा त्याने घरी कळवले, "जरा बरं वाटत नव्हतं." स्वतः ग्लेनिसला डेसने नाचाच्या कार्यक्रमानंतर लग्नाचे विचारले, तेव्हा ती म्हणाली होती, "कल्पना वाईट नाही." आणि डेस त्या आनंदात गाडी कुंपणावर घालून घरी गेला होता.

पण त्या सोमवारी ग्लेनिसला यातले काहीही आठवत नव्हते. तिला फक्त तीन आकडा दिसत होता आणि त्याच्यामागे मुलीकडची ती मागची खोली.

दुपारी क्लॅरी नेहमीसारखा आला. टोपी खुंटीला अडकवून खिडकीजवळ बसला. ग्लेनिस त्याची पेस्टी घेऊन आली, पण प्लेट टेबलावर ठेवली नाही.

"क्लॅरी, माझ्या पेस्टीत काय कमी आहे?"

"काही नाही. का गं?"

"मग माझे दोन स्टार कुठं गेले?"

"कुठले दोन?"

"पाचातले. तू तीनच दिलेस."

क्लॅरीला खरोखर वाईट वाटलेले दिसले. "तीन दिले म्हणजे चांगलेच दिले की. माझ्या ट्रॅक्टरला मी दोन दिलेत. आणि तो ट्रॅक्टर माझा जीव की प्राण."

"पाच द्यायला काय झालं होतं?"

"पाच?" क्लॅरीने आजूबाजूला पाहिले. "अगं बाई, पाच दिले तर गाव काय म्हणेल? एक तर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, नाहीतर याचं आणि ग्लेनिसचं काहीतरी आहे."

"बरं, मग चार."

"चार डोरीनचे," क्लॅरी म्हणाला. डोरीन म्हणजे त्याची बायको. "तेही ती गेल्यावर दिले. तोंडावर दिले असते तर बिघडली असती."

ग्लेनिसने प्लेट ठेवली. आदळली म्हणायला हरकत नाही. "ऐक, क्लॅरी. तीन स्टार बघून बसवाली बाई बस टॅनर्स ब्रिजला नेणार. बस गेली की हे दुकान गेलं. मग मी मुलीच्या मागच्या खोलीत, आणि तू रोज दुपारी बकरीचं चीज खा. वर फुलं."

क्लॅरीचा घास हातातच राहिला. ही बाजू त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्याने बराच वेळ खिडकीतून रस्त्यावरच्या काकाकुव्यांकडे पाहिले. मग म्हणाला, "तू काळजी करू नकोस. आम्ही बघतो."

कुरिंगात कुणी 'आम्ही बघतो' म्हणाले, की खरे तर तेव्हाच काळजीला लागायचे असते.

बुधवारी क्लॅरी, मार्ज आणि पाद्री हॉफ असे तिघे क्लॅरीच्या गाडीत दाटीवाटीने बसून टॅनर्स ब्रिजला जाऊन आले. परत आल्यावर तिघे काउंटरसमोर ओळीत उभे राहिले, शिकारीवरून आल्यासारखे.

"धुतलं त्यांना, ग्लेन," मार्ज म्हणाली. "धुतलं, पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं."

"म्हणजे काय केलंत?"

"त्यांची पेस्टी खाल्ली. आणि अभिप्राय लिहिला. तिघांनी. वाच तर."

ग्लेनिसने फोन उघडला. टॅनर्स ब्रिजच्या बेकरीच्या पानावर वरच तिघांची नावे होती.

"पाच स्टार. असली पेस्टी मी जन्मात खाल्ली नव्हती. – सी. ऑजर्स."

"पाच स्टार. अप्रतिम. घरी नेऊन कुत्र्याला दिली, तर तोही विचारात पडला. – मार्ज."

"पाच स्टार. असा अनुभव परमेश्वर सर्वांना देत नाही. – पाद्री हॉफ."

ग्लेनिस स्टुलावर बसली. "तुम्ही त्यांना पाच पाच दिलेत?"

"मग? जेवढं वाईट तेवढं जास्त," क्लॅरी म्हणाला. "कुणाही शहाण्या माणसाला कळेल, की माणूस पाच देतोय म्हणजे टोमणा मारतोय."

"माणसाला कळेल रे. पण तिथं मोजतंय यंत्र. यंत्राला टोमणा कळत नाही. यंत्राला पाच म्हणजे पाच."

पाद्री हॉफ खाकरले. "मी चार देणार होतो," ते म्हणाले. "पण मला वाटलं, तेवढ्यानं त्यांना लागणार नाही."

शुक्रवारी त्याच्यावर कळस चढला. मार्जचा भाऊ टॅनर्स ब्रिजवरून येताना फोटो काढून घेऊन आला. तिथल्या बेकरीने दर्शनी भिंतीवर मोठा कापडी फलक लावला होता आणि त्यावर लिहिले होते : असली पेस्टी मी जन्मात खाल्ली नव्हती – सी. ऑजर्स, शेतकरी, कुरिंगा.

क्लॅरी तो फोटो बघून लाल झाला. "काय माणसं आहेत. मी त्यांना शिवी दिली आणि त्यांनी ती भिंतीवर टांगली. नावानिशी. आता मी गावात तोंड कसं दाखवू?"

"तू तोंड दाखवायचं राहू दे," ग्लेनिस म्हणाली. "मी दुकान कसं दाखवू ते सांग."

तिचा संताप आता नुसता डोक्यात न राहता पायांत उतरला होता. शनिवारी फुटबॉलचा सामना संपला. कुरिंगा नेहमीप्रमाणे हरले होते आणि सगळे गाव क्लबात जमले होते. ग्लेनिस सरळ आत गेली, एका बाकावर चढली आणि बिअरचे ग्लास जिथल्या तिथे थांबले, कारण ग्लेनिस लिंडनर बाकावर चढलेली कुणी पाहिली नव्हती.

"माझं ऐकून घ्या," ती म्हणाली. "तुमच्या बारशांचे केक मी केले. लग्नांचे केले. तुमची माणसं गेली तेव्हा चहाबरोबरची सँडविचेस मी केली. मी कधी काही मागितलं? नाही मागितलं. आज मागतेय. प्रत्येकानं आपला तीन स्टारचा कचरा ठेवा, नाहीतर काढा, मला देणंघेणं नाही. पण आज घरी जायच्या आत पाच स्टार आणि दोन बरे शब्द लिहा. माझ्यासमोर."

मागून कुणीतरी दबकत विचारले, "बरे म्हणजे किती बरे?"

"आम्हाला तसं बोलता येत नाही गं," सेक्रेटरी म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "तोंडच वळत नाही."

"येत नाही कसं? कुणी मेलं की येतं ना? क्रूसाखाली उभे राहून काय काय बोलता. मेलेला ओळखू येऊ नये इतकं बोलता. मग मी मेलेय असं समजा."

हा तोडगा मात्र सगळ्यांना सोपा वाटला. खांदे सैल झाले. "तसं असेल तर जमण्यासारखं आहे," पाद्री हॉफ म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली. तीस वर्षांच्या सवयीने तो आपोआप येत गेला. बाकीच्यांनी आपापल्या फोनवर तो शब्द न शब्द उतरवून घेतला, कारण स्वतःचा शब्द घालण्याचे धाडस कुणाला झाले नाही. डेसनेही उतरवून घेतला. लिहिता लिहिता त्याचे डोळे भरून आले, असे मार्ज नंतर सांगत होती. शेवटी क्लबाच्या एकाच वायफायवरून, एकाच वेळी, सगळ्या गावाने तो पाठवून दिला :

"पाच स्टार. लिंडनर बेकरी आपल्यात होती हे आपले भाग्य. तिचा प्रेमळ सहवास आता केवळ आठवणींत उरला आहे. तिची उणीव सदैव भासेल."

क्लबात ग्लेनिस कोण लिहीत नाही हेच बघत होती; मजकूर तिने घरी जाऊन वाचला. तोवर उशीर झाला होता.

सोमवारी ट्रूडीचा फोन आला. "मिसेस लिंडनर? तुम्ही आहात होय?" ती गोंधळलेल्या आवाजात म्हणाली. "माफ करा हं. रविवारी मी तुमचं पान बघितलं आणि मला वाटलं, तुमच्याकडे काहीतरी वाईट घडलंय. मी फुलंही पाठवणार होते."

"आहे मी," ग्लेनिस म्हणाली. "दुकानही आहे."

"हो, पण आता तिथं वेगळंच दिसतंय. तुम्ही पाहिलंत का?"

ग्लेनिसने पाहिले. सगळे पाच स्टार नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी लाल चौकटीत सूचना होती : या दुकानाविषयी बनावट स्तुती आढळल्यामुळे ती काढून टाकण्यात आली आहे. खाली जुने तीन-तीन स्टार तसेच होते, क्लॅरीपासून डी. लिंडनरपर्यंत. त्यांच्या खरेपणाविषयी यंत्राला काही शंका आली नव्हती.

"मला खरंच वाईट वाटतंय," ट्रूडी म्हणाली. "पण आमचा नियम आहे. आणि टॅनर्स ब्रिजच्या बेकरीबद्दल तर आसपासचे लोकसुद्धा इतकं भरभरून बोलतात. तुमच्याच गावातले एक पाद्री आहेत बघा, त्यांनी काय सुंदर लिहिलंय."

"वाचलंय," ग्लेनिस म्हणाली. "हरकत नाही."

कुरिंगात 'हरकत नाही' याहून कडवट शब्द नाही. फोन ठेवून तिने काउंटरवरची खडूची पाटी ओल्या फडक्याने पुसली, इतकी, की पाटीचा रंग निघाला. त्या दिवशी ज्याने त्याने आपली पेस्टी मुकाट्याने घेतली आणि बाहेर बाकावर बसून खाल्ली, क्लॅरीसुद्धा. रविवारी मुलीचा फोन आला, तेव्हा ती नेहमीचे वाक्य म्हणायच्या आतच ग्लेनिसने विचारले, "त्या मागच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

डेसने रेडिओ बंद केला.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी डेस पायरी झाडत होता. एकाएकी सगळे काकाकुवे एकदम उडाले. डेसने वर पाहिले. कोपऱ्यावरून एक भलीमोठी पांढरी बस वळत होती. ती दुकानासमोर येऊन थांबली, सुस्कारा टाकून तिचे दार उघडले आणि आतून आधी खाकी अर्ध्या विजारीतला ड्रायव्हर उतरला, मग एकामागून एक पांढऱ्या केसांची माणसे.

"वाट चुकलात," ग्लेनिस दारातून म्हणाली. "टॅनर्स ब्रिज पुढं आहे."

"माहीत आहे," ड्रायव्हर म्हणाला. त्याचे नाव लायल. "कागदावर तेच लिहिलंय. पण मी काल रात्री त्यांचं पान वाचलं. माझा जन्म अशाच गावात गेलाय, बाई. 'कुत्रा विचारात पडला' हे वाचल्यावर मी माझ्या माणसांना तिथं खाऊ घालीन होय? आणि तो पाद्री. पाद्री इतक्या टोकाला गेला म्हणजे काय खाल्लं असेल त्यानं."

"मग इथं कसे?"

"मग म्हटलं, हा ऑजर्स स्वतः कुठं जेवतो ते बघू." लायलने फोन काढला. "हे बघा. 'याहून वाईट खाल्लंय.' 'तक्रारीला जागा नाही, शोधली.' आणि हा एक डी. लिंडनर, 'चाललंय'. आडनावावरून नवरा दिसतोय. नवऱ्यानं तीन दिलेत म्हणजे संसार सुखाचा आहे. सकाळी हे मी माइकवरून बसमध्ये वाचून दाखवलं, तर मागच्या रांगेपर्यंत तोंडाला पाणी सुटलं. हात वर करायला सांगितले. टॅनर्स ब्रिजसाठी एकही वर झाला नाही."

"आणि ती लाल चौकट?"

"ती तर सगळ्यांत आवडली," लायलच्या मागे उभी असलेली एक बाई म्हणाली. तिच्या हातांवरून ती जन्मभर गायी पिळत आली असावी. "बिचाऱ्यांनी कौतुक करायला घेतलं आणि पहिल्याच वेळी पकडले गेले. आमच्या गावाचंही असंच झालं असतं."

ग्लेनिस आत गेली आणि तिने भट्टीचे दार उघडले. क्लॅरीने आपले खिडकीजवळचे टेबल पाहुण्यांना दिले आणि स्वतः उभ्याने जेवला. हे कुरिंगाच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखे होते; अर्थात कुणी लिहिले नाही. जाताना बसमधल्या माणसांनी प्लेटा स्वतः काउंटरवर आणून ठेवल्या आणि प्रत्येक जण, मान थोडी खाली घालून, "बरी होती" असे पुटपुटत बाहेर पडला. ग्लेनिसने प्रत्येकाला "हं" म्हटले. शेवटचा माणूस गेल्यावर तिला नाक शिंकरायला मागच्या खोलीत जावे लागले.

ट्रूडीचा फोन आला तो पुढच्या आठवड्यात. "मला काही कळेनासं झालंय, मिसेस लिंडनर," ती म्हणाली. "ड्रायव्हरनं परस्पर बस वळवली, त्याबद्दल त्याला मी बोलले. पण प्रवाशांचे अभिप्राय आलेत. 'वाईट नव्हतं.' 'चालेल.' एक तर नुसतं 'पेस्टी होती' एवढंच. मी तुमची माफी मागायला फोन करणार होते. आणि आता त्याच लोकांनी पुढच्या सहलीची आसनं धरलीत, वर अट घातलीय, की जेवण कुरिंगालाच. असं का?"

"काय की," ग्लेनिस म्हणाली.

त्यानंतर दर गुरुवारी बस येऊ लागली. मागच्या खोलीच्या खिडकीचा विषय पुन्हा निघाला नाही. मुलीने तिथे शिवणाचे मशीन ठेवले. दुकानाच्या पानावर तीन स्टार तसेच राहिले. ग्लेनिस आता त्यांच्याकडे फारशी बघतही नसे. टॅनर्स ब्रिजवाल्यांचेही ठीक चालले होते, शहरातले लोक त्यांच्याकडे जात. भिंतीवरचा क्लॅरीचा फलक उन्हाने फिका पडला, आणि क्लॅरी त्या रस्त्याने जाताना अजून टोपी डोळ्यांवर ओढून घेत होता.

मग एका गुरुवारी बस येऊन गेली, भांडी निथळत होती, आणि ग्लेनिसचा फोन किणकिणला. नवा अभिप्राय होता. क्लॅरी ऑजर्सचा.

"पाच स्टार. उत्कृष्ट. शब्द अपुरे पडतात."

ग्लेनिसने दारातून डोकावून पाहिले. क्लॅरी खिडकीजवळ ताठ बसला होता, समोर एक घास खाल्लेली पेस्टी, आणि तो अतिशय सभ्यपणे बाहेर बघत होता. ती मागे वळली, ट्रेमधली उरलेली पेस्टी उचलली, तोडली, तोंडात टाकली.

मीठ नव्हते. दुपारच्या घाईत केलेल्या सबंध दुसऱ्या भट्टीत मिठाचा कण नव्हता.

"डेस," ती म्हणाली. "बसवाल्यांना कुठल्या भट्टीतल्या गेल्या?"

"पहिल्या. का?"

ग्लेनिसने मोठा श्वास सोडला. तिने सारण नव्याने कालवले, मीठ घातले, चाखून पाहिले, दोन पेस्ट्यांना मुरड घातली आणि भट्टीत सारल्या. त्या फुगून तांबूस होईपर्यंत ती भट्टीपाशीच उभी राहिली आणि क्लॅरी खिडकीपाशी तसाच बसून राहिला. मग तिने आधीची प्लेट उचलून नवी त्याच्यापुढे ठेवली.

क्लॅरीने सावकाश खाल्ले. शेवटचा चुरा बोटाने टिपला, हात रुमालाला पुसले, खिशातून फोन काढला आणि चष्मा लावून तिच्यासमोरच दोन स्टार काढून टाकले.

ग्लेनिसच्या जिवात जीव आला.